नख पांढरं होईपर्यंत

सोनाजी मिस्त्री माणसाकडे पाहायचे ते आधी त्याच्या हातांकडे. नजर तिथं थोडा वेळ थांबायची, मग काम काय आहे ते विचारायचे. चेहऱ्याकडे पाहिलंच तर अगदी शेवटी, माणूस जायला निघाला की. आमची ओळख होऊन महिना झाला तरी ते माझ्या हातांशीच बोलत होते. मला ते सोयीचं होतं. कुणी तोंडाकडे पाहून बोललं की मला उत्तर सुचत नाही.

तो अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा. सिकंदराबादची माझी इंग्रजी शाळा सुट्टीच्या आधीच बंद झाली आणि बाबांनी मला जालन्याला आणलं. बाबा डॉक्टर. आमच्या घरात पुढं दवाखाना, मागं राहायच्या खोल्या, आणि त्याच्याही मागं अंगणात एक पत्र्याची शेड. जिनिंग फॅक्टरी बंद पडली तेव्हा तिथले मिस्त्री सोनाजी पांचाळ यांना बाबांनी ती शेड दिली. ते तिथंच काम करत, तिथंच झोपत. बायको गयाबाई गावी, पिंपळगाव रेणुकाईला. शेडच्या बदल्यात ते बाबांची मोटारसायकल सांभाळत. तिला बाजूला साइडकार जोडलेली होती, आणि तिच्यात औषधांची पेटी ठेवून बाबा पार परतूर तालुक्यापर्यंत रोगी पाहायला जात.

मिस्त्री पन्नाशीचे, काटक, बोलताना उजव्या गालात काहीतरी धरलेले. आधी मला वाटलं सुपारी असेल. तो नट होता. इंजिन उघडलं की सुटणाऱ्या बारीक वस्तू ते गालात ठेवत. बाबा म्हणायचे, "सोनाजी, एक दिवस गिळाल, आणि ते मलाच काढावं लागेल." मिस्त्री गालातला नट इकडचा तिकडे करून म्हणायचे, "काडा की. पन साफ करून वापस द्या, आटे खराब करू नका."

गालात नट ठेवायचं खरं कारण त्यांनी मला पुढं कधीतरी सांगितलं. तरुणपणी फॅक्टरीतला बॉयलर फुटला तेव्हा ते जवळ उभे होते. अंगाला काही झालं नाही, पण तेव्हापासून मोठा आवाज झाला की त्यांचे दात वाजू लागायचे. "दातात काई असलं की वाजत न्हाईत," ते म्हणाले. "लोकाला वाटतं मिस्त्री लई हुशार, वस्तू हरवू देत न्हाई. वाटू द्या." मी हसले नाही. त्या उन्हाळ्यात रस्त्यावरून लॉरी गेली की आमच्या घरातली सगळीच माणसं बोलायची थांबत. मिस्त्री तेवढे आपण भितो हे सांगून मोकळे होत.

त्यांना एका शब्दाचा राग होता, 'जल्दी'. तो शब्द त्या वेळी गावात ज्याच्या त्याच्या तोंडी होता. दुकानं जल्दी बंद करा, पोरींना जल्दी आत घ्या, सामान जल्दी बांधा. मिस्त्रींच्या शेडमध्ये कुणी तो शब्द उच्चारला की ते हातातलं अवजार खाली ठेवत आणि हात पुसत बसत. म्हणणारा ओशाळून गप्प झाला की पुन्हा उचलत.

मी त्यांच्याकडे जाऊ लागले ती एका पुस्तकामुळे. मोटारसायकलीबरोबर विलायतेहून आलेलं एक इंग्रजी माहितीपुस्तक बाबांच्या कपाटात होतं. बाबांना ते वाचायला वेळ नव्हता, मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. एका दुपारी बाबांनी मला ते देऊन शेडमध्ये पाठवलं. मी दाराशी उभी राहून वाचायचे आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगायचे. मराठी लिहायला मी त्यानंतरच नीट शिकले. मिस्त्री ऐकता ऐकता मान हलवत, आणि मधेच चित्रावर काळं बोट ठेवून म्हणत, "हे त्या सायबानं बराबर लिवलं."

एकदा मी वाचलं, बोल्ट गरजेपेक्षा जास्त कसू नये.

"गरजेपक्षा म्हंजे किती?" मिस्त्रींनी विचारलं.

मी पुढचं पान उलटलं, मागचं पाहिलं. "ते लिहिलेलं नाही."

"मंग त्यालाबी ठावं न्हाई." त्यांना फार आनंद झाला. "इकडं या ताई. पाना धरा. असा न्हाई, मुठीत न्हाई. दोन बोटं अन् अंगठा. आता वळवा. अंगठ्याच्या नखाकडं पाहा. लाल हाय ना? वळवा. अजून. पाहा, पांढरं झालं. बस. सोडा."

"एवढंच?"

"एवढंच. नख पांढरं झालं की बोल्ट बसला. त्याच्या म्होरं कसताव ते आपल्या भ्यावापाई. बोल्टाला त्याची गरज न्हाई."

मला पुस्तकापेक्षा ते मोजमाप जास्त समजलं. मी नंतर घरात उगाच दाराची कडी, पाण्याचा नळ धरून अंगठ्याचं नख पाहत बसायचे.

बोल्टावर आणि तो जिथं बसतो त्या भोकाच्या आत जे वळसे कोरलेले असतात ते आटे. इंजिनाचा धातू मऊ, बोल्ट पोलादी. म्हणून जातात ते बहुतेक भोकातले आटे. ते गेले की बोल्ट नुसता गोल फिरतो, धरत नाही. गेलेले आटे परत करणं ही मिस्त्रींची खासियत होती. भोक मोठं करायचं, त्यात नवे मोठे आटे पाडायचे, पितळेचा बारीक बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, करून त्या आट्यांत कायमचा बसवायचा, आणि बुशाच्या आत जुना बोल्ट जाईल असे आटे. सांगायला सोपं आहे. आटे पाडायचा टॅप म्हणजे पोलादाची ठिसूळ कांडी. जरा जोर झाला की भोकातच मोडते, आणि मग इंजिन भंगारात. मिस्त्री टॅप अर्धा वळसा पुढं फिरवत, पाव वळसा मागं घेत. पुन्हा अर्धा पुढं, पाव मागं. "मागं घेतल्यानं कापलेला चुरा सुटतो," ते म्हणत. "लोकाला मागं यायची लाज वाटती. मंग मोडतो."

जालना–परतूर मोटारीचे ड्रायव्हर हमीदभाई त्यांचे जुने मित्र. एकदा ते बसच्या इंजिनाचं झाकण घेऊन आले. त्याची दोन भोकं गेली होती. मिस्त्रींनी करंगळी भोकात घालून फिरवली, नेहमीसारखं हमीदभाईंच्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हमीदभाई, हे कसताना तुमी कुनाला भ्यालते?"

"मी कशाला भिऊ? तुझ्यासारखा आहे का मी, तोंडात लोखंड घेऊन बसणारा?" हमीदभाई हसले. मग त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "वाटूरच्या फाट्यावर बस अडवली होती त्या दिवशी. खाकीवाले. सगळ्यांना खाली उतरवलं. एका म्हाताऱ्याला ठेवून घेतलं. पुढं पाच मैल आल्यावर मी गाडी थांबवली आणि उगाच सगळे बोल्ट कसले. का ते मलाच माहीत नाही."

"आटे भ्यानं जातात," मिस्त्री माझ्याकडे, म्हणजे माझ्या हातांकडे, पाहून म्हणाले. "झिजून जातात ते थोडे. ज्याला वाटतं हे सुटंल, त्यो कसतो. तरीबी वाटतं सुटंल, अजून कसतो. अन् मंग सुटतंच."

खाकीवाले म्हणजे कोण हे तेव्हा कुणाला सांगावं लागत नसे. बंदुका घेऊन लॉरीतून फिरणारी, स्वतःला राज्याचे रक्षक म्हणवणारी माणसं. त्यांतले काही आमच्याच गावचे, बाबांच्या हातचं औषध घेतलेले. त्यांना गाड्या हव्या असत. ज्याच्या दारात चालती गाडी दिसेल त्याची ते घेऊन जात. म्हणून बाबांची मोटारसायकल मिस्त्रींनी दोन महिने उघडून ठेवली होती. चाक एकीकडे, टाकी दुसरीकडे, इंजिनाच्या तोंडात चिंध्या. खाकीवाले दोनदा शेडमध्ये येऊन गेले. दोन्ही वेळा मिस्त्रींनी गालातली वस्तू जिभेनं फिरवत मान हलवली, "सामान न्हाई साब. बम्बई से आना पडता." ते गेले की मिस्त्री बाजेवर बसत आणि बराच वेळ उठत नसत.

आई त्या वेळी वाटूरला होती, माहेरी, बाळंतपणासाठी. माघात गेली तेव्हा रस्ते बरे होते. वैशाखात मामाची चिठ्ठी आली. हमीदभाईंनी ती सीटच्या गादीत लपवून आणली. वाटूरमधली माणसं रोज थोडी थोडी निघून चालली आहेत, आपल्या गल्लीत आता तीनच घरं उरली आहेत, भावजी, येऊन ताईला घेऊन जा. दुसऱ्या दिवसापासून परतूरची बसही बंद झाली.

बाबांनी चिठ्ठी दोनदा वाचून माझ्या हातात दिली आणि मागच्या अंगणात गेले. "सोनाजी, उद्या सकाळी गाडी पाहिजे."

मिस्त्रींनी इंजिनातल्या चिंध्या ओढून काढल्या. दुपारभर ते आणि मी गाडी जोडत होतो. म्हणजे ते जोडत होते आणि मी वस्तू हातात देत होते. दिवस मावळायच्या आत ती उभी राहिली. इंजिनात नवं तेल भरलं. मिस्त्री हात धुवायला विहिरीवर गेले आणि मी शेडमध्ये एकटी राहिले.

यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

इंजिनाच्या पोटाशी, खालच्या बाजूला, तेल सोडायचा एक बोल्ट असतो. मी पुस्तकात वाचलं होतं की तो निघाला तर तेल वाहून जातं आणि दोन-चार मैलांत इंजिन जाम होतं. मला एकदम बाबा दिसले, वाटूरच्या रस्त्यावर, बंद पडलेल्या गाडीशेजारी, साइडकारमध्ये आई, आणि लांबून येणारी लॉरी. मी खाली बसले. पाना लावला. बोल्ट घट्ट होता. मला वाटलं, अजून थोडा. मग वाटलं, रस्ता खराब आहे, अजून थोडा. मी पाना मुठीत धरला होता, नखाकडे पाहिलंच नाही. आणि इतका वेळ हट्टानं अडून बसलेला बोल्ट माझ्या हातात एकाएकी मऊ झाला.

तो मऊपणा अजून माझ्या तळहातात आहे. मी पाना जागेवर ठेवला आणि कुणाला न सांगता घरात गेले.

सकाळी बाबा कोट घालून, औषधांची पेटी घेऊन मागच्या दारी आले तेव्हा मिस्त्री गाडीखाली वाकलेले होते. जमिनीवर तेलाचा डाग पडला होता, भाकरीएवढा. मिस्त्रींनी बोल्टला दोन बोटं लावली. तो नुसता फिरला. ते उठले. त्यांनी बाबांकडे पाहिलं नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या उजव्या तळव्यावर पान्याचा लाल वळ होता. मी हात पाठीमागं घेतला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"आटे गेले, डाक्टरसाब." मिस्त्री चिंधीनं बोटं पुसत होते. "माझ्याच हातानं गेले. काल जास्त कसला."

बाबांचा आवाज चढलेला मी फार थोड्या वेळा ऐकला आहे. "तुमच्या हातानं? सोनाजी, आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांना हे शिकवलंत, आणि आजच्या दिवशी? ती तिकडं नवव्या महिन्यात, एकटी—" मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले, एखाद्या शिकाऊ पोरासारखे. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. दात वाजू लागले म्हणून मिटलं.

"दुपारपर्यंत करून देतो," मिस्त्री म्हणाले. "पितळ पाहिजे. चांगलं, भरीव."

पितळ बाजारात नव्हतं, कारण बाजारच उघडा नव्हता. बाबा तणतणत दवाखान्यात गेले आणि औषधं कुटायच्या खलाचा पितळी बत्ता घेऊन आले. "हे घ्या," म्हणाले, आणि रोगी थांबले होते म्हणून परत गेले.

मिस्त्रींनी तेल घमेल्यात सोडलं. बत्त्याचा तुकडा कापून पायानं चालवायच्या लेथवर कातायला धरला. तासाभरात करंगळीच्या पेराएवढा बुश तयार झाला, आतून आटे, बाहेरून आटे. मग ते पोत्यावर उताणे झोपून भोक मोठं करू लागले. मी टॅपला ग्रीस लावून देत होते, कापलेला चुरा इंजिनात न पडता ग्रीसला चिकटावा म्हणून. बराच वेळ नुसता धातूचा बारीक करकर आवाज येत होता. अर्धा पुढं, पाव मागं.

"भ्यालत्या का ताई काल?" त्यांनी खालूनच विचारलं.

मी बोटाचं ग्रीस पोत्याला पुसलं. मग मी म्हणाले, "हो."

"हौ. मीबी भिऊन राह्यलो." करकर. "ग्रीस द्या."

एवढंच ते त्याबद्दल बोलले.

लॉरीचा आवाज आम्ही दोघांनी एकदमच ऐकला. ती पुढच्या रस्त्यानं निघून जाईल म्हणून थांबलो. ती मागच्या फाटकाशी थांबली. मिस्त्रींनी टॅप उलटा फिरवून बाहेर काढला, अजिबात घाई न करता, आणि अवजारांच्या फळीखाली सरकवला. शेजारी चिंधीवर ठेवलेला बुश उचलून गालात टाकला. मला म्हणाले, "पोत्याआड जा." कोपऱ्यात सरकीची रिकामी पोती रचलेली होती. मी त्यांच्यामागं बसले. फटीतून मला माणसांचे बूट आणि मिस्त्रींचं अर्धं तोंड दिसत होतं.

"क्या रे मिस्त्री, अब तो खडी दिखती तेरी गाडी," एक जण म्हणाला. त्यांचा पुढारी असावा. "चालू कर."

"तेल नै साब इसमें. पेट से गई है."

एक ड्रायव्हर त्यांच्याबरोबर होता. तो खाली वाकला, घमेल्यातलं तेल पाहिलं, भोकात बोट घातलं. निम्मे नवे आटे पडले होते. ते त्याच्या बोटाला लागले असते तर सगळं कळलं असतं. पण ग्रीसनं आणि चुऱ्यानं भोक भरलेलं होतं. त्यानं बोट काढून मिस्त्रींच्या सदऱ्याला पुसलं. "कित्ता बडा छेद है जी. आटेच नै. बेकार है."

काल बोल्ट शाबूत राहिला असता तर बाबा सकाळीच निघाले असते, आणि परतूरच्या रस्त्यावर गाडीसकट यांच्याच हाती लागले असते. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त बूट मोजत होते. आठ होते.

ते जातील असं वाटलं. पण पुढारी थांबला. "तू पुराना मिस्त्री है ना, फॅक्टरी का? हमारी दो गाडियां परतूर के रस्ते पे बंद पडी हैं. चल."

मिस्त्रींनी गाडीकडे बोट केलं. मग म्हणाले, "साब, हे काम—"

"यह तो बेकार है बोला ना. चल." कुणीतरी बंदुकीचा दस्ता अवजारांच्या फळीवर आपटला. हातोडी खाली पडली. मिस्त्रींचे दात बुशावर घट्ट मिटलेले मला दिसले.

त्यांनी एकदा पोत्यांकडे पाहिलं. आणि मग त्यांनी जे केलं त्यानं मी बंदुकीपेक्षा जास्त घाबरले. ते स्वतःहून भराभर अवजारं पिशवीत भरू लागले आणि म्हणाले, "चलो साब. जल्दी चलो. जल्दी." तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मोठा टॅप आणि तो फिरवायची दांडी मात्र फळीखालीच राहिले.

दाराशी त्यांना खोकला आला. ते वाकले आणि लेथखालच्या चुऱ्याच्या ढिगावर थुंकले. "थू रे," एक जण म्हणाला, "बुड्ढे को तंबाकू भी चाहिए." सगळे हसले. मिस्त्री खोकत खोकत, वर न पाहता, मराठीत म्हणाले, "अर्धा म्होरं, पाव मागं. दुसरं काई न्हाई." त्या माणसांना वाटलं असेल म्हातारा आपल्याशीच बडबडतो आहे.

बाबा दवाखान्यातून धावत आले तोवर लॉरी सुरू झाली होती. त्यांनी पुढाऱ्याला अदबीनं उर्दूत काही विनवलं. "कल वापस आ जाएगा, डॉक्टर साब," तो म्हणाला.

मी लेथखालचा चुरा दोन्ही हातांनी उपसला आणि बुश काढला. तो अजून ओला होता. फळीखालून टॅप घेतला. बाबा शेडमध्ये आले, गाडीकडे पाहिलं, आणि टॅपकडे हात केला. "दे, मी करतो." त्यांचे हात शस्त्रक्रियेला सरावलेले, पण टॅपची त्यांना सवय नव्हती.

"नाही," मी म्हणाले. बाबांना 'नाही' म्हणण्याची माझी ती पहिली वेळ. "मला दाखवलंय."

मी पोत्यावर उताणी झोपले. टॅप मिस्त्रींनी पाडलेल्या आट्यांत आपोआप बसला. अर्धा पुढं. पाव मागं. रस्त्यावर काहीही वाजलं की हात थांबायचा, मग पुन्हा अर्धा पुढं. किती वेळ लागला ते सांगता येत नाही. भोक पुसलं, थोडं तेल ओतून आतला चुरा वाहून जाऊ दिला, बुश आत फिरवला, तो परत फिरू नये म्हणून त्याच्या कडेला टोकदार पंचाचे दोन ठोके मारले. तांब्याची चकती, वायसर, घालून बोल्ट लावला. बोल्ट धरला. पाना दोन बोटांत आणि अंगठ्यात. नख लाल होतं. मग पांढरं झालं.

"बसला?" बाबांनी विचारलं.

"हो."

"अजून थोडा कस. रस्ता वाईट आहे."

माझं सगळं अंग तेच म्हणत होतं. मी पाना खाली ठेवला. "नाही बाबा. बसला."

घमेल्यातलं तेल गाळून इंजिनात परत भरलं आणि बाबा निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी मोटारसायकल वाजली. साइडकारमध्ये आई होती, धुळीनं पांढरी झालेली, मांडीवर औषधांची पेटी. बाबा उतरायच्या आत मी खाली वाकून बोल्ट पाहिला. कोरडा होता. अकरा दिवसांनी माझा भाऊ झाला.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्या आठवड्यातही नाहीत. बाबांनी खाकीवाल्यांना विचारलं तर सांगण्यात आलं, त्याला कधीच सोडून दिलं. हमीदभाईंनी परतूरपर्यंत चौकशी केली. कुणी म्हणालं दिसला होता, कुणी म्हणालं नाही. सप्टेंबरात फौजा आल्या, राज्य बदललं, आणि भिण्याची पाळी हमीदभाईंवर आली. ते पंधरा दिवस आमच्या दवाखान्यात लपून होते. तेव्हाही रस्त्यावर आवाज झाला की विचारायचे, "सोनाजी आला का?"

दिवाळीच्या सुमारास गयाबाई पिंपळगावहून आल्या. शेडमध्ये उभ्या राहून त्यांनी लेथवर हात फिरवला. बाबांनी त्यांना धीर द्यायचा म्हणून मिस्त्रींच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या, आणि शेवटी मायेनंच म्हणाले, "आयुष्यात एकदाच चुकला त्यांचा हात. पण तोही कसा निस्तरला!" गयाबाईंनी लेथवरून हात काढला. निघताना मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "खरंच का गं बाई, हात चुकला व्हता त्यांचा? तसं कधी झालं न्हाई. गावात देवीची घंटा त्यांनीच टांगली, इतकी वर्सं झाली, बोल्ट हालला न्हाई."

मी मान हलवली. हो म्हणून.

बाबा ती गोष्ट अजून सांगतात. दवाखान्यात नवा कुणी आला आणि खलात बिनजोडीचा लाकडी बत्ता पाहून त्यानं विचारलं की सुरू करतात. सोनाजी मिस्त्री म्हणून एक कारागीर होता, आयुष्यात एकदाच त्याचा हात चुकला. मी आतल्या खोलीत ऐकत असते. हे छापून येईल तेव्हा बाबा वाचतील. त्यांना तोंडानं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही. आणि हे मी पिंपळगावलाही घेऊन जाणार आहे. गयाबाईंना वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावं लागेल. त्यांचा हात चुकला नव्हता. तो माझा होता.

त्या सकाळी लॉरी फाटकापासून निघाली तेव्हा मी पोत्यांमागून उठून दारापर्यंत आले होते. मिस्त्री मागच्या फळीशी बसले होते, मांडीवर अवजारांची पिशवी. गालात आता काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातांकडे नाही, सरळ तोंडाकडे, आणि किंचित मान हलवली, चाललंय सगळं बराबर, अशी. मी मात्र त्यांच्या हातांकडे पाहत होते. ते त्यांनीच शिकवलं होतं. दोन्ही हातांनी त्यांनी लॉरीची फळी धरली होती, मुठीत, आणि धूळ उडून सगळं दिसेनासं होईपर्यंत मला त्यांची नखं दिसत होती. दहाच्या दहा पांढरी.